नानांच्या बोटीचं अस्तर

छत पडलं नव्हतं, लोंबत होतं. बोटीत उतरलं की डोक्यावर रेक्झिनच्या झोळ्या दिसत, गाभण गाईच्या पोटासारख्या फुगलेल्या. हात लावला की आतून वाळू सरकल्यासारखा आवाज येई आणि शिवणीतून तपकिरी भुगा मानेवर पडे.

तो भुगा म्हणजे मूळचा फोम. रेक्झिनच्या पाठीला लावलेला फोम ओलसर हवेत वर्षानुवर्षं कुजत जातो. आधी चिकट होतो, मग त्याची पूड होते. वरचं रेक्झिन शाबूत असतं, मागचं प्लायवूड शाबूत असतं, दोघांना धरून ठेवणारं तेवढं नाहीसं होतं. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. अशा गोष्टींची कारणं मला सांगता येतात, पण कारण सांगितल्यानं छत वर जात नाही.

बोट माझ्या वडिलांची, नानांची. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. आई गेल्यावर त्यांनी भाड्याचं घर सोडलं आणि या जुन्या फायबरच्या बोटीवर राहायला गेले. मधल्या खोलीत समोरासमोर दोन बाक, कोपऱ्यात स्टोव्ह, पुढच्या निमुळत्या टोकाला झोपायची खोली. आम्हाला वाटलं, दोन महिन्यांत कंटाळतील. ते कंटाळले नाहीत. मागच्या वर्षी बोटीत उतरताना त्यांचा पाय निसटला आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा दादानं त्यांना उचलून आपल्या घरी नेलं.

दादाच्या घरी त्यांना मागची खोली मिळाली. तिथं आधीपासून कपडे धुण्याचं मशीन होतं, इस्त्रीचं टेबल होतं, वर वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. मशीन फिरायला लागलं की नानांचा पलंगही थरथरे. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. मी भेटायला गेले की नाना भिंतीकडे तोंड करून बसलेले असत. माझ्या घरी त्यांना नेणं शक्य नव्हतं. माझी एकच खोली, तीही तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की धडधाकट माणसानं मध्ये थांबून श्वास घ्यावा.

म्हणून दादाचा फोन आला तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तराजू, रजा मिळेल का तुला?" दादा म्हणाला. घरात मला तराजू म्हणतात. लहानपणी खाऊची वाटणी माझ्याकडे असायची. "नानांना परत बोटीवर जायचंय. काठी घेऊन बरे चालतायत. पण आत सगळा भुगा पडतोय, त्यात त्यांना कसं ठेवायचं? छत आणि भिंती नव्यानं कराव्या लागतील. तू असलीस तर होईल."

मी साठवलेली सगळी रजा एकदम टाकली. नानांनी त्या मशीनच्या खोलीतून उठावं आणि आपल्या जागी जाऊन झोपावं, याखेरीज मला काही नको होतं. फार दिवसांत मला कशाची इतकी ओढ वाटली नव्हती.

बोट पाण्याबाहेर काढून दुरुस्तीच्या आवारात लाकडी टेकूंवर उभी केली होती. शिडीनं वर चढायचं आणि मग आत उतरायचं. पहिल्या दिवशी दादा आधीच आत होता, नाकाला फडकं बांधून.

"आली का तराजू? आता स्क्रूसुद्धा वजन करून लावावे लागणार."

"ते फडकं काढ, मास्क लाव. तुझ्यासाठी आणलाय."

"मला काय धाड भरलीये?"

"संध्याकाळी खोकशील तेव्हा विचारते."

संध्याकाळी तो खोकला, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं निमूटपणे मास्क लावला.

जुनं अस्तर काढणं हे घाण काम आहे. रेक्झिन ओढलं की सहज येतं, पण मागं प्लायवूडवर फोमचा आणि जुन्या गोंदाचा थर राहतो, तो पत्र्यानं खरवडावा लागतो. पूड घामाला चिकटते, केसांत जाते, दातांखाली येते. पॅनेल उतरवली की बोटीचं खरं अंग दिसतं: फायबरचा खडबडीत पृष्ठभाग, दोर बांधायच्या वरच्या खुंट्यांच्या बोल्टांची टोकं, पट्ट्यांना बांधत नेलेल्या वायरी. वायरी नानांच्या हातच्या होत्या, शाळेतल्या मुलींच्या वेणीसारख्या घट्ट आणि सरळ. एका खिडकीच्या कोपऱ्यात ओल मिळाली. ती खिडकी आम्ही काढली, चौकट कोरडी केली, नवीन सीलंट भरून परत बसवली. दादा म्हणत होता वरून पट्टी मारू, कुणाला दिसतंय. मी नाही म्हटलं.

"इथं नाना झोपणार आहेत," मी म्हणाले.

"बरं बाई, बरं."

त्याच आठवड्यात मी नानांकडे टेप घेऊन गेले. बोटीच्या पलंगावरून उठताना धरायला दांडी हवी होती, आणि ती नवं पॅनेल चढवण्याआधी ठरायला हवी होती, कारण दांडीमागं लाकडाचा ठोकळा आतून बसवावा लागतो. नुसत्या प्लायवूडवर माणसाचं वजन टिकत नाही.

"नाना, उठताना कुठं धरता?"

"धरायला आहे काय इथं? हवा."

"पलंगाच्या कडेवर बसा. हात वर करा, सहज जाईल तेवढाच."

त्यांनी हात वर केला. मी भिंतीवर पेन्सिलीनं बारीक खूण केली. त्यांनी मुठीत काहीतरी धरल्यासारखं करून पाहिलं आणि मान हलवली.

"जरा खाली घे. अजून. हं, आता बरोबर. आणि दांडी गोल घे. चौकोनी हाताला टोचते."

वहिनी दारात कपड्यांची बादली घेऊन उभी होती. मला वाटलं भिंतीवरच्या खुणेबद्दल काही बोलेल. ती माझ्याकडे बघत राहिली, मग बादली तिथंच ठेवून स्वयंपाकघरात गेली.

"मधल्या खोलीतही एक लावू का?" मी विचारलं.

"लाव की," नाना म्हणाले. "लावतेच आहेस तर लाव."

दादानं रेक्झिनचा नवा गठ्ठा आणला तो दुधी पांढऱ्या रंगाचा होता. नाना पांढऱ्या खोल्यांना नावं ठेवायचे. पांढऱ्या भिंतीत माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतं, म्हणायचे.

"हा रंग कुणी निवडला?"

"नानांनी."

"नानांनी? पांढरा?"

"म्हातारपणी आवडी बदलतात, बाई. तुझ्यासारखं सगळ्यांचं मापात नसतं."

मी तो विषय सोडून दिला. उजेड जास्त परावर्तित होईल, नानांची नजर मंद झालीये, असं कारण मी माझं मीच काढलं.

जुनी पॅनेल हेच नव्यांचे नमुने. जुनं पॅनेल नव्या प्लायवूडवर ठेवायचं, भोवती पेन्सिल फिरवायची आणि कापायचं. हे ऐकायला सोपं आहे. पण बोटीत काटकोन नसतो. प्रत्येक तुकडा एका बाजूला जास्त वाकलेला असतो, आणि डावीकडचा तुकडा उलटा केला की तो उजवीकडचा होतो. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर मी "मागची बाजू" असं लिहून ठेवलं होतं. दादानं ते लिहिलेलं नीट दिसावं म्हणून पॅनेल पालथी ठेवून आखली, आणि आखलेली बाजू दर्शनी समजून कडाही तिरक्या तासल्या, म्हणजे तुकडे उलटे करूनही लावता येईनात. तो एका दमात डावीकडची सगळी भिंत कापून मोकळा झाला. बसवायला गेलो तर एकही तुकडा डावीकडे बसेना.

"दोन उजव्या बाजू झाल्या," मी म्हटलं.

दादानं एक तुकडा फिरवून पाहिला, दुसरा फिरवून पाहिला. "बोटच वाकडी आहे."

"बोट सरळ आहे, दादा. तू वाकडा आहेस."

"लिहिलं कुणी होतं पाठीवर? दर्शनी बाजूला लिहायचं ना!"

आम्ही दोघंही हसलो. खूप दिवसांनी असे हसलो, त्या लाकडाच्या भुशात बसून, आणि मग त्यानं परत सगळं कापलं. कापता कापता तो शिट्टी वाजवत होता. मला तेव्हा वाटलं, माझ्या भावाला मी उगाच कमी लेखते.

भांडण झालं ते स्क्रूंवरून. नानांचा एक नियम होता. बोटीतलं प्रत्येक पॅनेल एका माणसाला एका पान्या-स्क्रूड्रायव्हरनं उतरवता आलं पाहिजे. मागं वायरी असतात, बोल्ट असतात, ओल कधी शिरेल सांगता येत नाही. स्क्रू दिसले तर दिसू द्यावेत, पितळेच्या टोप्या लावाव्यात. दादाला पॅनेल थेट चिकटवून टाकायची होती. स्क्रू नाहीत, टोप्या नाहीत, गुळगुळीत.

"छान दिसेल," तो म्हणाला. "हॉटेलसारखं."

"आणि वायर गेली तर नाना काय करतील? भिंत फोडतील?"

"इतक्यात वायर कशाला जातेय?"

"राहणाऱ्या माणसाला आज ना उद्या उघडावंच लागतं. चिकटवून टाकतो तो ज्याला परत उघडायचं नसतं."

दादा पुढचं पॅनेल उचलायला वळला. मला वाटलं, आता वाद लांबणार. पण दुसऱ्या दिवशी तो स्क्रूंची आणि पितळी टोप्यांची पुडी घेऊन आला. "नाना म्हणाले, तिला हवं तसं करू दे," तो म्हणाला. मी जिंकले असं समजून कामाला लागले.

अस्तर चढवण्याचं काम मला आवडायला लागलं होतं. गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावायचा, लाकडाला आणि रेक्झिनच्या पाठीला. मग थांबायचं. बोटाची मागची बाजू टेकवून पाहायची. गोंद बोटाला येईनासा झाला की वेळ झाली. त्याआधी टेकवलं तर सरकतं, उशीर केला तर धरत नाही. आणि एकदा टेकवलं की टेकवलं, परत उचलता येत नाही. मधून सुरुवात करायची, तळव्यानं कडांकडे जायचं, हवा पुढे ढकलत. वळणावर रेक्झिन केस वाळवायच्या यंत्रानं गरम करायचं, ओढायचं, मागं वळवून पिना मारायच्या. कोपऱ्यात चुणी पडू द्यायची नसेल तर कापड कुठं आणि किती कापायचं हे प्रत्येक कोपऱ्याला नव्यानं ठरवावं लागतं. मी ठरवत होते. एक चुणी पडली तर अख्खं पॅनेल परत करत होते. दादा म्हणायचा, ती चुणी उशीमागं जाणार आहे, कोण बघतंय. पण नाना आडवे पडून बघणार होते. आजारातून उठलेला माणूस छताकडे फार वेळ बघतो.

उजव्या भिंतीवर, पलंगाशेजारी, मी गोल दांडी लावली. तिला लोंबकळून पाहिलं. हलली नाही.

एका सकाळी दादा पिना आणायला बाजारात गेला होता. पुढच्या खोलीच्या छताचं शेवटचं पॅनेल मी खाली दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना गोंद लावून मी वाट पाहत बसले होते. शिडी वाजली. एक बाई चपला हातात घेऊन वर आली. मागून एक गृहस्थ, कमरेला टेप अडकवलेला.

"आहे का कुणी? आम्ही जरा आत येऊ का? फ्रिजची मापं घ्यायचीयेत." बाई आत उतरली आणि तिनं वर पाहिलं. "अगं बाई! किती सुरेख दिसतंय. अहो, बघा ना. मी म्हटलं नव्हतं पांढरा घ्या म्हणून? तुम्ही त्या राखाडीचा धोशा लावला होता."

"आपण कोण?" मी विचारलं.

"आम्ही बोट घेतलीये ना ही. म्हणजे ठरलंय सगळं, काम पुरं झालं की ताबा." मग तिनं माझ्या हातावरचा गोंद पाहिला. "तुम्हीच का त्या काम करणाऱ्या? ते म्हणाले होते, घरचंच माणूस करतंय, वेळ लागेल पण काम चोख होईल. खरंच हो, चोख आहे."

गृहस्थ मापं घेत पलंगापर्यंत गेले. "ही दांडी इतकी खाली कशाला?"

"म्हाताऱ्या माणसासाठी," मी म्हणाले.

"आमच्याकडे कुणी म्हातारं नाही. काढता येईल?"

"येईल."

"भोकं राहतील का मागं?"

"राहतील."

"मग त्यावर काहीतरी लावू," बाई म्हणाली. "एखादं चित्र."

ती दोघं बराच वेळ फ्रिजबद्दल बोलत होती. दार कुठल्या बाजूनं उघडावं यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. मी मध्येच बोट टेकवून पाहिलं; गोंदाची वेळ टळून गेली होती. आता खरवडून परत लावावा लागणार होता. का लावायचा, हे मला कळत नव्हतं, पण लावावा लागणार हे सवयीनं मनात आलंच.

ती खाली उतरली तेव्हा दादा शिडीपाशी उभा होता. त्यांचं हसणं-बोलणं मला वर ऐकू आलं. मग तो वर आला आणि आत न उतरता दारातच बसला, पाय आत सोडून.

"तुला सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"काम संपल्यावर."

"काय सांगणार होतास?"

त्यानं पिनांची पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "डॉक्टर बोटीवर राहू नका म्हणाले, असं."

"म्हणजे पुढचं खोटंही तयार होतं."

"माझ्यावर कशाला चिडतेस? नानांनीच ठरवलंय हे."

"नानांच्या नावावर नको खपवू."

"मग चल. त्यांच्यासमोर बोल."

आम्ही चालत गेलो. तो माझ्या मागं चार पावलं राहिला सगळा रस्ता.

वहिनीनं दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. "कळलं ना वन्सं तुम्हाला? माझ्याकडे बघू नका हो. मी ह्यांना म्हटलं होतं, सांगून टाका त्यांना. पण बापलेकांचं गूळपीठ, तिथं माझं कोण ऐकतंय!"

मागच्या खोलीत मशीन फिरत होतं. नाना पलंगावर पाय पसरून बसले होते.

"नाना, बोट विकली तुम्ही?"

नानांनी माझ्या डोक्यावरून दादाकडे पाहिलं. "काम झालं का?"

"नाही झालं," मी म्हणाले.

"किती राहिलंय?"

"पुढच्या खोलीचं छत."

"मग एवढ्यात कशाला सांगितलंस हिला?" त्यांनी दादाला विचारलं. त्यांना खरंच राग आला होता.

मी इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहिले. "तुम्हाला परत जायचं होतं ना?"

"कुणी सांगितलं? तुला वाटलं तसं. मला नाही जायचं तिथं. पडलो तेव्हा तिथं खाली पडून होतो, वरून लोक जातायत, त्यांच्या चपला ऐकू येतायत, आणि माझ्या तोंडातून आवाज निघेना. परत जाऊन काय करू? तसाच पडू?" ते मशीनकडे पाहून म्हणाले, "इथं हे फिरतं. कुणीतरी कपडे काढायला येतं. खोकलो तरी कुणी विचारतं. बरं आहे मला इथं."

"हे मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? बोट विकायची आहे, ये आणि अस्तर लाव? आली असतीस?"

"आले असते."

"आली असतीस. नाही म्हणत नाही मी. पण असं केलं नसतंस." ते आता खुशीत आले होते, एखादी युक्ती उलगडून दाखवताना माणूस येतो तसे. "सुतार लावला असता तर त्यानं सुताराच्या हिशेबानं केलं असतं. हा म्हणे रोज, एकेक पॅनेल दोनदा करते, चुणी राहू देत नाही. मी म्हटलं, करू दे. माझ्यासाठी म्हणून करतेय ना, मग बघायला नको. तुझ्या आईला मी सांगायचो, पाहुणे येणार आहेत. घर कसं लख्ख व्हायचं! पाहुणे कधी आले होते का?"

ते हसले. दादाही हसला आणि माझ्याकडे पाहून थांबला.

"आईंना ठाऊक असायचं हो, नाना," वहिनी दारातून म्हणाली. "मला सांगायच्या त्या. म्हणायच्या, आले बघ हे परत पाहुणे घेऊन."

मशीन थांबलं. नाना वहिनीकडे वळले.

"ठाऊक होतं तर करायची कशाला?"

वहिनी मशीनचं झाकण उघडून कपडे काढू लागली.

"मी तुमचा हात मोजला," मी म्हणाले. "खुणा केल्या भिंतीवर. तुम्ही म्हणालात जरा खाली घे. दांडी गोल घे म्हणालात."

"तू विचारलंस म्हणून सांगितलं. गोलच चांगली असते." आणि मग मनापासून, "रागावू नकोस गं तराजू. तुझ्यासारखा हात नाही कुणाचा. तेच सांगतोय मी मघापासून."

ते माझं कौतुक करत होते. त्यात काही खोट नव्हती. आयुष्यात त्यांनी माझं इतकं स्पष्ट कौतुक कधी केलं नव्हतं, आणि दादाच्या देखत तर नाहीच. मी चप्पल घातली. वहिनी जेवून जा म्हणाली. मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दादाचा निरोप आला: येऊ नकोस, राहिलेलं मी सुताराकडून करून घेतो. मी आवारात गेले. घरी बसून करायला मला दुसरं काही नव्हतं, आणि ते पॅनेल तिथं उघडं पडलं होतं, अर्धवट सुकलेल्या गोंदासकट.

गोंद खरवडून काढायला बराच वेळ गेला. पुढच्या खोलीचं छत सगळ्यांत अवघड. ते दोन दिशांना एकदम वळतं, पुढं निमुळतं होतं आणि टोकाशी रेक्झिन गोळा व्हायला बघतं. काम करता करता माझ्या लक्षात आलं की नानांचं म्हणणं तपासून पाहायची हीच एक संधी आहे. हात तोच, गोंद तोच, कापड तेच. बदललं होतं ते एवढंच की आता इथं कोण झोपणार हे मला माहीत होतं. ती चपला हातात घेऊन चढणारी बाई इथं आडवी पडणार होती आणि वर बघत फ्रिजच्या दाराचा विचार करणार होती.

मी मुद्दाम चांगलं करायचं नाही असं ठरवलं. मुद्दाम वाईटही करायचं नाही. जसं होईल तसं होऊ द्यायचं.

गोंद लावला, थांबले, बोट टेकवून पाहिलं. मधून सुरुवात केली. वळणावर कापड गरम केलं, ओढलं. टोकाशी एक चुणी उभी राहिली. मी ती बघत राहिले. ती तशीच दाबून मागं वळवली असती तर वर चढवल्यावर कुणाला दिसली नसती, मलासुद्धा शोधावी लागली असती. मग मी परत गरम केलं, मागची पिन काढली, कापडाला एक बारीक छेद दिला आणि चुणी सरळ केली. पॅनेल डोक्यानं वर रेटून धरलं आणि एकेक स्क्रू लावला, टोप्यांसकट. टॉर्च तिरका धरून सगळीकडून पाहिलं. ते इतर पॅनेलांपेक्षा वाईट नव्हतं. टोकाशी तर जरा बरंच होतं.

म्हणजे नाना चुकले होते. मला खरं सांगितलं असतं तरी हे असंच झालं असतं. ते सगळं, रंग, दांडी, हात वर करून बसणं, कशाचीच गरज नव्हती. आणि हे त्यांना पटवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, कारण छताकडे बघून ते एवढंच म्हणाले असते की मी म्हणत नव्हतो का, तुझ्यासारखा हात नाही कुणाचा.

मी हत्यारं पुसत होते तेव्हा दादा आला. शिडीवरून त्यानं डोकं आत घातलं, वर पाहिलं, आणि हळूहळू आत उतरला. टोकापर्यंत गेला, तळवा छतावरून फिरवला.

"एक नंबर," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "तू आलीस ते बरं केलंस. नानांना जाऊन सांगतो, तराजूनं पुरं केलं. सकाळपासून त्यांनी जीव खाल्लाय माझा, ती गेली की नाही, ती गेली की नाही."

"सुतारानं केलं म्हणून सांग."

"काय?"

"सुतार आला होता. त्यानं केलं."

"अगं, पण ते विचारतील काम कसं झालं."

"सांग ना. सुतार करतो तसं."

दादा मास्क गळ्यात अडकवून तिथंच उभा राहिला. "असं काय करतेस? त्यांना बरं वाटलं असतं."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि शिडी उतरले.